एकल माता पुन्हा महाविद्यालयात

महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जावर ‘वडिलांचे अथवा पालकाचे वार्षिक उत्पन्न’ असा एक रकाना असतो. अठरा वर्षांच्या मुलीला तो भरताना फारसे थांबावे लागत नाही. परंतु त्याच रांगेत एखादी तीस वर्षांची, पती गमावलेली, दोन मुलांची आई उभी असेल, तर तिने या रकान्यात कोणाचे उत्पन्न लिहावे? माहेरी वडील आहेत, पण ती त्यांच्या घरात राहत नाही. सासरी सासरे आहेत, पण ते तिचा खर्च करीत नाहीत. आणि ती स्वतःच दोन मुलांची पालक आहे. आपल्या शिक्षण साहाय्याच्या बहुतेक योजना विद्यार्थिनी म्हणजे कोणाची तरी अविवाहित मुलगी, असे गृहीत धरून आखलेल्या आहेत. दुसरीकडे निराधार स्त्रियांसाठीच्या योजना आहेत. त्यांनी ती स्त्री पुन्हा शिकायला जाईल अशी कल्पनाच केलेली नाही. या दोन गृहीतांच्या मधल्या जागेत एकल माता अडकते. वर्धा जिल्ह्यातील अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनी या प्रश्नाकडे लक्ष द्यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

जिल्ह्याचे नाव मुद्दाम घेतले आहे. २००६ साली शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात पंतप्रधानांनी जाहीर केलेल्या विशेष साहाय्यासाठी विदर्भातील जे सहा जिल्हे निवडले गेले, त्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम यांच्यासह वर्धा होता. अशा कुटुंबाला राज्य शासनाकडून मिळणाऱ्या एक लाख रुपयांपैकी ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीच्या रूपाने देण्याची पद्धत त्याच काळात ठरली. ठेवीच्या व्याजातून घर कसेबसे उभे राहावे, हा त्यामागील हेतू. त्या घरातील पंचविशी-तिशीतील स्त्री बारावी झालेली असू शकते आणि तिला अध्यापनाचे किंवा परिचर्येचे शिक्षण घ्यावेसे वाटू शकते, ही शक्यता मात्र त्या आखणीत दिसत नाही. वास्तविक, गेल्या पिढीत मुलींचे शालेय शिक्षण वाढल्यामुळे आजची तरुण विधवा किंवा परित्यक्ता निरक्षर असेलच असे नाही. तिचे शिक्षण अर्धवट सुटलेले असते.

जुना दाखला

महाराष्ट्राला ही गोष्ट नवीन नाही. पंडिता रमाबाईंचे पती १८८२ मध्ये वारले, तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा एक वर्षाचीही झालेली नव्हती. पुढच्याच वर्षी रमाबाई मुलीला घेऊन शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. प्रवासाचा खर्च त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ या आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून उभा केला. वाँटेज येथे हिंदुस्थानात येणाऱ्या धर्मभगिनींना मराठी शिकविण्याच्या मोबदल्यात त्यांच्या राहण्याची सोय झाली, आणि पुढे चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या स्वतः शिकत असतानाच संस्कृत शिकवीत होत्या. पुस्तकाची विक्री, श्रमाचा मोबदला आणि संस्थेचा आधार अशा तीन धाग्यांनी तो खर्च विणला होता. एका शिष्यवृत्तीवर तो भागलेला नव्हता.

परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदासदन काढले. त्यातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी झाल्या. गोदूबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले विशीत विधवा झालेल्या आणि एका मुलाच्या आई. कर्व्यांनी १८९६ मध्ये सुरू केलेल्या अनाथ बालिकाश्रमाच्या कार्यात त्या शिकल्या आणि राबल्या. १९१८ मध्ये, म्हणजे वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या इंग्रजी शिकण्यासाठी अमेरिकेला गेल्या आणि तेथे लोकांच्या घरी काम करून त्यांनी आपला निर्वाह चालविला. वर्ध्यापुरते बोलायचे तर जमनालाल बजाज यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला महिलाश्रम हा याच परंपरेतला. या संस्थांनी एक गोष्ट अचूक ओळखली होती : शिकू पाहणाऱ्या एकट्या स्त्रीला फीपेक्षाही निवारा, जेवण आणि मुलांची सोय यांची गरज अधिक असते.

स्वातंत्र्यानंतर केंद्रीय समाजकल्याण मंडळाने १९५८ पासून प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त शिक्षणक्रम चालविले. त्यांचा रोख मुख्यतः शालेय परीक्षांवर होता. आता प्रश्न पदवीचा आहे.

हिशेब काय सांगतो

आता आजच्या योजनांकडे वळू. उदाहरणादाखल समुद्रपूर तालुक्यातील एक स्त्री डोळ्यांसमोर आणावी. वय २९, बारावी उत्तीर्ण, अनुसूचित जातीची, पती वारलेले, मुले आठ आणि पाच वर्षांची. तिला हिंगणघाटच्या महाविद्यालयात पदवीसाठी प्रवेश घ्यावयाचा आहे. ही व्यक्ती कल्पित आहे. योजनांचे आकडे खरे आहेत.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही १९४४ पासूनची, देशातील सर्वांत जुन्या शिष्यवृत्त्यांपैकी एक. तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये आहे. फीची जबाबदारी ती उचलते. परंतु घरून ये-जा करणाऱ्या सर्वसाधारण पदवीच्या विद्यार्थिनीला २०२१ च्या सुधारित दरानुसार मिळणारा निर्वाह भत्ता वर्षाला ३,००० रुपये, म्हणजे महिन्याला २५० रुपये आहे. अविवाहित मुलीच्या हातखर्चाला ही रक्कम कदाचित पुरेल. आईच्या चुलीला ती पुरणार नाही.

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून चालू आहे. विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता स्त्रियांना तीतून २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये मिळतात, म्हणजे वर्षाला १८,०००. येथे उत्पन्नमर्यादा कुटुंबाला वर्षाला २१,००० रुपये इतकी अल्प आहे. २०२५-२६ मधील रोजगार हमीच्या ३१२ रुपये दराने कोणी ६८ दिवस काम केले, तर ही मर्यादा ओलांडली जाते! वर्षातले दोन-सव्वादोन महिने मजुरी करणारी स्त्री निराधार नाही, असे या आकड्याचे म्हणणे आहे. ही मर्यादा वाढविण्याचा विचार व्हावयास हवा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. २०२४ मध्ये आलेली मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनाही १,५०० रुपयांचीच आहे. परंतु तेवढीच किंवा अधिक रक्कम अन्य शासकीय योजनेतून घेणाऱ्या स्त्रीला ती लागू होत नाही. दोन्ही रकमा मिळतील असे कोणी सांगितले, तर त्यावर विसंबू नये.

तिसरी योजना बहुधा या संदर्भात कोणाला आठवत नाही. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजनेतून एक पालक असलेल्या मुलाच्या संगोपनासाठी २०२३ पासून दरमहा २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे जातो, गृहभेट होते आणि बालकल्याण समिती आदेश देते. दोन मुले पात्र ठरली, तर वर्षाचे ५४,००० रुपये होतात. तिन्ही रकमांची बेरीज ७५,०००, म्हणजे महिन्याला ६,२५०. यांपैकी प्रत्येक योजनेची पात्रता स्वतंत्रपणे तपासली जाते, तेव्हा ही बेरीज हक्क म्हणून गृहीत धरता येणार नाही. तरी एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. विद्यार्थिनी म्हणून तिला ३ हजार, विधवा म्हणून १८ हजार, आणि तिच्या मुलांना ५४ हजार. आईच्या शिक्षणाचा सर्वांत मोठा आधार मुलांच्या नावावर आहे. महाविद्यालयातील शिष्यवृत्ती लिपिकाला या योजनेची माहिती असण्याचे कारण नाही, कारण ती त्याच्या खात्याची नाही.

इतर मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि आर्थिक दुर्बल गटांतील मुलींसाठी जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्णतः माफ झाले आहे. उत्पन्नमर्यादा आठ लाख. विद्यार्थिनीने जाहिरात वाचून एक घोटाळा करू नये. ‘सिंगल गर्ल चाइल्ड’ या नावाची विद्यापीठ अनुदान आयोगाची अधिछात्रवृत्ती आईवडिलांच्या एकुलत्या एका मुलीसाठी आहे. एकट्या मातेशी तिचा संबंध नाही.

एकट्या पित्याचे काय, असा प्रश्न कोणी विचारील. बाल संगोपन योजना आई की बाप हा भेद करीत नाही. निराधार अनुदानात मात्र धडधाकट विधुराला जागा नाही.

पूर्णवेळ म्हणजे काय

“मुक्त विद्यापीठातून का शिकत नाही?” असे अशा स्त्रीला पुष्कळदा विचारले जाते. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून केलेले काम मोठे आहे, आणि पुष्कळ गृहिणींना त्याचा लाभ झाला आहे. परंतु काही व्यवसायांची दारे हजेरीशिवाय उघडत नाहीत. नियमित बी. एड. २०१५ पासून दोन वर्षांचे झाले. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या निकषांप्रमाणे त्यात वर्गातील कामाला किमान ८० टक्के आणि शालेय आंतरवासितेला ९० टक्के उपस्थिती लागते. दिवाळीच्या पुढे कापूस वेचणीला गेल्यास ही उपस्थिती भरत नाही, आणि वेचणी सोडली तर त्या महिन्याचा किराणा अडतो. पूर्णवेळ शिक्षणाची खरी किंमत ही बुडालेली मजुरी आहे. शिष्यवृत्तीच्या कोणत्याही तक्त्यात ती मांडलेली नसते.

मुलांच्या सांभाळाचेही तसेच. इंग्लंडमध्ये पूर्णवेळ पदवी घेणाऱ्या आईबापांना मुलांच्या पाळणाघराच्या खर्चाचा ८५ टक्क्यांपर्यंतचा भाग, ठरावीक मर्यादेत, अनुदान म्हणून मिळू शकतो. आपल्याकडे विद्यार्थिनींच्या वसतिगृहांत मुलांसह राहण्याची सोय नसते. केंद्राच्या सखी निवास योजनेत, म्हणजे नोकरदार महिलांच्या वसतिगृहांत, अठरा वर्षांपर्यंतची मुलगी आणि बारा वर्षांपर्यंतचा मुलगा आईसोबत राहू शकतो, आणि नोकरीसाठी प्रशिक्षण घेणाऱ्या स्त्रियांनाही तेथे काही जागा असतात. म्हणजे नियमांत ही कल्पना आहे. तिचा विस्तार विद्यार्थिनींपर्यंत व्हावयाचा आहे.

दाखल्यांची वाट

ग्रामपंचायत आणि शिक्षक यांचे खरे काम येथे आहे. जातीचा दाखला स्त्रीच्या जन्मावरून मिळतो, म्हणून त्यासाठी तिला माहेरची कागदपत्रे लागतात. पतीचा मृत्यू दाखला आणि शिधापत्रिका सासरच्या गावी. दहावीच्या गुणपत्रिकेवर लग्नापूर्वीचे नाव, आधारपत्रावर लग्नानंतरचे. संगणकीय अर्जात दोन नावे जुळली नाहीत, तर रक्कम खात्यात पडत नाही, आणि राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घेण्याचा सल्ला मिळतो. दोन गावांच्या या हेलपाट्यांत प्रवेशाची मुदत निघून जाते. परित्यक्तेचे तर याहून कठीण, कारण तिच्यापाशी मृत्यू दाखलाही नाही आणि न्यायालयाचा आदेशही नाही. गावाने लिहून दिले तरच तिची परिस्थिती कागदावर येते.

उत्पन्नाच्या रकान्याबाबत एक सूचना. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या पूर्वापार नियमांत विवाहित, नोकरी नसलेल्या विद्यार्थिनीच्या बाबतीत पतीचे उत्पन्न धरावे आणि पती हयात नसल्यास तिचा निर्वाह करणाऱ्या पालकाचे धरावे, अशी तरतूद आढळते. ‘निर्वाह करणारा’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ती वेगळी राहून स्वतः कमावीत असेल, तर सासऱ्यांच्या सात-बाऱ्याकडे बोट दाखवून तिला अपात्र ठरविण्यापूर्वी प्रत्यक्ष चौकशी व्हावी. तिची स्वतंत्र शिधापत्रिका असेल, तर ही चौकशी सोपी होते. म्हणून पहिला अर्ज शिधापत्रिकेचा.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच वर्षी १७ मे रोजी शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवण्याचे आवाहन केले. असा ठराव करणाऱ्या गावांनी त्याला आणखी एक कलम जोडावे : गावातील शिक्षण अर्धवट राहिलेल्या एकल मातांची यादी करणे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे जे १० टक्के महिला व बालकल्याणासाठी राखावयाचे असतात, त्यांतून प्रवासखर्चाचा भार हलका करता येईल. मार्च २०२३ पासून एस. टी.चे निम्मे भाडे माफ आहे. उरलेले निम्मे ही फार मोठी रक्कम नव्हे. शाळेच्या मुख्याध्यापकांनी मुलाच्या दाखल्यासोबत बाल संगोपनाचा अर्ज भरून द्यावा. शिष्यवृत्ती हाती येईपर्यंत वर्ष सरत आलेले असते, तेव्हा मधल्या महिन्यांसाठी बचतगटाकडून उसनवारीची सोय आधीच ठरवून ठेवणे शहाणपणाचे.

१ मेच्या ग्रामसभेत ही यादी वाचली गेली, तर प्रवेश सुरू होईपर्यंत साधारण महिना-दीड महिना हाती राहतो. तलाठी, ग्रामसेवक आणि तहसील कार्यालय यांनी मनावर घेतले, तर माहेरच्या व सासरच्या दाखल्यांना तेवढे दिवस पुरतात.