सूक्ष्माचा अभ्यास

पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या काठी मांजरी हे गाव आहे. 'मांजरी गोटा' या वांग्याच्या वाणामुळे त्याचे नाव शेतकऱ्यांस फार पूर्वीपासून परिचित आहे. पुढे उसाचे व साखरेचे संशोधन करणारी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट येथे उभी राहिली. १९९७ साली द्राक्षांचे राष्ट्रीय संशोधन केंद्रही आले. २०२१ साली मांजरी बुद्रुक पुणे महानगरपालिकेत सामील झाले. मांजरी व शेजारचे हडपसर या परिसरातच सीरम इन्स्टिट्यूट ही लसी तयार करणारी मोठी संस्था आहे.

ऑक्सफर्ड विद्यापीठ व सीरम इन्स्टिट्यूट यांनी मिळून हिवतापावर 'आर २१' नावाची लस सिद्ध केली. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिच्या वापराची शिफारस केली. हिवतापाने जगात दरवर्षी लक्षावधी माणसे दगावतात. त्यांतील बहुसंख्य आफ्रिकेतील लहान बालके असतात. या लसीत हिवतापाच्या परजीवीच्या प्रथिनाचा एक अंश काविळीच्या एका विषाणूच्या प्रथिनाशी जोडलेला असतो. अशी अनेक प्रथिने आपोआप एकत्र येतात आणि त्यांचा विषाणूसारखा दिसणारा कण बनतो. त्यात रोग उत्पन्न करण्याचे सामर्थ्य नसते. शरीराला मात्र शत्रूची ओळख पटते. ही ओळख अधिक पक्की व्हावी म्हणून चिली देशातील एका वृक्षाच्या सालीतून काढलेले द्रव्यही लसीत घालतात. आपल्याकडील रिठ्याला ज्यामुळे फेस येतो, त्याच वर्गातील हे द्रव्य होय.

हे कण नॅनोमीटरने मोजावे लागतात. एका मिलिमीटरचे दहा लाख समान भाग केले, तर त्यातील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. लसीतील कण अशा काही दशक नॅनोमीटरांचे असतात. माणसाचा केस त्यांच्यापेक्षा हजारो पटींनी जाड असतो. इतक्या लहान आकारात पदार्थाचे गुणही पालटतात. पिवळेधमक सोने सूक्ष्म कणांच्या रूपाने पाण्यात तरंगू लागले, की ते पाणी माणकासारखे लाल दिसते.

असे ज्ञान केवळ वाचून अंगी बाणत नाही. म्हणून पदवीच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्याच्या सुटीत प्रयोगशाळेत काम करण्याची संधी दिली जाते. बंगळूर, नवी दिल्ली व प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमी मिळून अशा शिष्यवृत्त्या देत आल्या आहेत. सुमारे दोन महिने विद्यार्थी एखाद्या शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली राहतो आणि शेवटी आपल्या कामाचा अहवाल लिहितो.

नवख्या विद्यार्थ्याला प्रथम काचेची भांडी धुवावी लागतात. हे काम हलके नव्हे. भांड्याला किंचित मळ राहिला, तरी सोन्याचे कण परस्परांना चिकटतात आणि लाल होणारे पाणी जांभळट होते. मग विद्यार्थ्याला वाटते, "हा प्रयोग वहीत लिहूच नये. उद्या पुन्हा करू आणि तोच लिहू." त्याची खरी परीक्षा येथेच असते. जाणता मार्गदर्शक त्याला सांगतो, "आज जे दिसले, ते आजच लिही. रंग का बिघडला, हे शोधणे हेच आता तुझे काम आहे." पुस्तकातील गणिताचे उत्तर शेवटच्या पानावर असते, येथे उत्तर कोणालाच आधी ठाऊक नसते. बिघडलेल्या प्रयोगाची खरी नोंद हीच तेथे पुढची वाट दाखविते.

पुण्याच्याच पाषाण भागात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. तिचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी झाले. तेथे डॉ. मुरली शास्त्री व त्यांचे सहकारी यांनी गवती चहाच्या पानांचा अर्क सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात मिसळला, तेव्हा सोन्याचे अतिसूक्ष्म, चपटे, त्रिकोणी कण तयार झाले. हे संशोधन २००४ साली प्रसिद्ध झाले. गवती चहा कितीतरी घरांच्या परसात असतो. त्याच्याकडे जिज्ञासेने पाहणारी दृष्टी मात्र अभ्यासाने यावी लागते.

लस टोचून घेणारी माता आपल्या बाळाला निःशंकपणे पुढे करते. तिने प्रयोगशाळा पाहिलेली नसते. ज्यांनी त्या लसीची परीक्षा केली, त्यांनी जे पाहिले तेच लिहिले असेल, हा तिचा विश्वास असतो. त्या विश्वासाला पात्र होण्याची सवय विद्यार्थ्याला पहिल्या जांभळट भांड्यापासूनच लावून घ्यावी लागते. सूक्ष्माच्या अभ्यासात हातांची स्वच्छता जितकी आवश्यक, तितकीच मनाचीही.

शब्दार्थ
वाण – जात, प्रकार
परजीवी – दुसऱ्या जिवावर जगणारा जीव
अर्क – पदार्थातून काढलेले सार
जिज्ञासा – जाणून घेण्याची इच्छा

स्वाध्याय
१. 'आर २१' या लसीतील कण शरीराला कसे साहाय्य करतात?
२. भांडी धुणे हे काम हलके नव्हे, असे का म्हटले आहे?
३. 'मनाची स्वच्छता' म्हणजे काय, ते पाठाच्या आधारे पाच-सहा वाक्यांत लिहा.
४. 'अंगी बाणणे' व 'पात्र होणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.