जुना संगणक : सदका, सौदा की भंगार?

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज 10’चा नियमित आधार थांबविला. पुढची ‘विंडोज 11’ जुन्या यंत्रांवर रीतसर बसत नाही. इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर तिने वगळले आहेत. त्यामुळे चालते-बोलते संगणकही आता अडगळीत जात आहेत. आपल्या दुरुस्ती करणाऱ्या आणि भंगाराचा व्यवसाय करणाऱ्या बांधवांसाठी ही रोजीची संधी आहे. पण हा माल हाताळण्याची रीत नीट समजून घेतली पाहिजे.

सावनेर तालुक्यातील खापा हे कन्हानकाठचे, हातमागासाठी जुन्या काळापासून ओळखले जाणारे गाव. धोटा झिजला म्हणून तिथला विणकर माग मोडीत काढत नसे. चांगली फणी एका मागावरून दुसऱ्या मागावर जाई. भिवंडी-मालेगावचे कित्येक यंत्रमागही गिरण्यांनी काढून टाकलेलेच होते. त्यावर हजारो कुटुंबांची चूल पेटली. मग संगणकाच्या बाबतीतच आपली समजूत वेगळी का?

मालकाला वाटते, तीस हजारांची वस्तू दोन हजारांत कशी द्यायची? घरातील स्त्रिया जुन्या साड्या देऊन बोहारणीकडून भांडी घेतात, त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. पण जुना मॉनिटर विकायचा म्हटले की ‘लोक काय म्हणतील’ आडवे येते. आपल्या हिंदू ग्राहकांपैकी अनेकांनी त्या यंत्राची दसऱ्याला पूजा केलेली असते. त्यांच्यासमोर त्याला ‘कचरा’ म्हणू नये, हे साधे व्यवहारज्ञान. भाव मात्र पडून राहण्याने वाढत नाही, हे त्यांना प्रेमाने सांगावे.

दुसरी समजूत अधिक घातक. बंद पडलेला सीपीयू मदरशाला किंवा शाळेला पाठवायचा आणि सदका केल्याचे समाधान मानायचे! जी वस्तू आपण स्वतः डोळे मिटल्याशिवाय घेणार नाही ती दानासाठी निवडू नये, अशी कुरआनची शिकवण आहे (सूरह बकरा, आयत 267). अशा दानाचा दुरुस्तीखर्च घेणाऱ्याच्या माथी बसतो. द्यायचेच असेल तर चालू करून द्यावे. जुनी हार्ड डिस्क काढून छोटी एसएसडी बसविली आणि लिनक्स घातले, तर तेच यंत्र मुलांच्या अभ्यासाला पुरते.

आता विक्री. धान्याच्या राशीत हात घातल्यावर आतला ओलावा हाताला लागला, तेव्हा पैगंबरांनी (स.) व्यापाऱ्याला जाब विचारला, ही हदीस आपण सारे जाणतो. संगणकाचा ओलावाही आतच असतो. रॅम ‘मेमटेस्ट’वर रात्रभर चालवून पाहावी. हार्ड डिस्कची ‘स्मार्ट’ नोंद वाचावी. त्यात बदललेल्या सेक्टरांचा आकडा वाढत असेल तर ती विकूच नये. पॉवर सप्लायचा पंखा फिरला म्हणजे तो चांगला, असे नव्हे. भार देऊन तपासावा. डीडीआर 3 रॅम डीडीआर 4 च्या खाचेत बसत नाही, हेही ग्राहकाला आधीच सांगावे. पावतीवर ‘तपासलेले’ किंवा ‘न तपासलेले’ असे स्पष्ट लिहावे, आणि परत घेण्याची मुदतही. दहा रुपये कमी मिळतील, पण सावनेरचा ग्राहक पुन्हा येईल.

डिस्कबद्दल विशेष सांगायचे आहे. तिच्यात कोणाचे आधार कार्ड, कोणाच्या मुलीच्या लग्नाची छायाचित्रे असतात. ती अमानत आहे. फाइल पुसून किंवा झटपट फॉरमॅट करून माहिती जात नाही. सॉफ्टवेअरने संपूर्ण हार्ड डिस्कवर नव्याने लिहावे लागते. एसएसडीसाठी कंपनीचे पुसण्याचे साधन वापरावे. बंद हार्ड डिस्क असेल तर मालकासमोर तिच्या तबकड्यांना भोके पाडावीत.

उरले मेलेले बोर्ड. दिल्लीच्या सीलमपूर भागात तांब्यासाठी तारा जाळून आणि सोन्यासाठी तेजाबात बोर्ड बुडवून लोकांनी पोट भरले, पण धूर आणि शिसेही फुफ्फुसांत भरून घेतले. अंगणात मुले खेळत असताना हा उद्योग कोणी करू नये, आणि तेजाब कन्हानमध्ये तर मुळीच ओतू नये. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार पुनर्प्रक्रिया करणाऱ्याची केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी लागते. बोर्ड पोत्यात भरून कोरड्या जागी ठेवावेत, जुन्या मॉनिटरची शिसेयुक्त काच फोडू नये. पुरेसा माल साठला की नोंदणी क्रमांक विचारून वजनावर द्यावा आणि पावती घ्यावी.