चार्जर शीळ का घालतो?



घोडेगावच्या आमच्या अभ्यासिकेत रात्री अभ्यासाला बसणाऱ्या एका मुलीने मध्यंतरी तक्रार केली, "काका, भिंतीवरचा चार्जर शीळ घालतो." आम्ही कान लावला, पण काहीच ऐकू आले नाही. "भास होतो तुला," असे म्हणून आम्ही मोकळे झालो. दुसऱ्या दिवशी आणखी दोन मुलांनी तेच सांगितले. मग मात्र आम्हां कला शाखेच्या पदवीधराला विज्ञानाची पुस्तके उघडावी लागली. त्यातून समजले ते येथे देत आहोत.

आवाज म्हणजे कंप. काहीतरी हलल्याशिवाय आवाज होत नाही. आपल्या घरातील वीज 230 व्होल्टची आणि सेकंदाला 50 आवर्तने करणारी असते. रस्त्याकडेची डीपी गुणगुणते ती त्यामुळेच. तिच्यातील लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यात चुंबकत्व आले की त्याची लांबी अगदी किंचित बदलते व ते गेले की पूर्ववत होते. एका आवर्तनात हे दोनदा घडते, म्हणून ती गुणगुण सेकंदाला 100 कंपनांची असते. लोखंडाचा हा गुण इंग्लंडच्या जेम्स जूल यांनी 1842 मध्ये दाखवून दिला. रेडिओचा जुना एलिमिनेटरही असाच गुणगुणत असे.

मोबाईलच्या चार्जरची रीत निराळी आहे. तो आलेली वीज प्रथम एकदिश करतो आणि मग ती सेकंदाला हजारो वेळा, बहुधा पन्नास हजारांहून अधिक वेळा, चालू-बंद करतो. त्यामुळे लहानसा ट्रान्सफॉर्मर पुरतो. माणसाच्या कानाची मर्यादा सुमारे 20 हजार कंपनांची. मग शीळ कोठून येते? मोबाईल पूर्ण भरला किंवा चार्जर नुसताच लावून ठेवला, की विजेची गरज उरत नाही. तेव्हा चार्जर हे ठोके सलग न देता थांबून थांबून, झुबक्यांनी देतो. हे झुबके कानाच्या टप्प्यात येतात. प्रत्येक झुबक्यासरशी ट्रान्सफॉर्मरचा गाभा व तारांचे वेढे थरथरतात, सिरॅमिक कपॅसिटरही विजेच्या दाबाने ताणले जातात.

वय वाढते तशी बारीक, उंच आवाज ऐकण्याची शक्ती आधी कमी होते. म्हणून चाळिशी ओलांडलेल्या आम्हांला जे ऐकू आले नाही, ते त्या मुलीला स्पष्ट ऐकू येत होते.

मंद शीळ सहसा धोक्याची नसते. परंतु चटचट आवाज, करपल्याचा वास किंवा हात लावता येणार नाही इतकी उष्णता जाणवली, तर बटण बंद करून चार्जर काढावा व पुन्हा वापरू नये. नवा घेताना भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक पाहावा. आमच्या अभ्यासिकेतील चार्जरवर तो नव्हता. आम्ही तो बदलला.

कारणाशिवाय कार्य नाही, हे तथागतांनी शिकविले. मोठ्यांनी सांगितले एवढ्यावर विसंबू नका, स्वतः तपासून पाहा, असा उपदेश त्यांनी कालामांना केला. आम्ही तो दरवर्षी व्याख्यानात ऐकतो, आणि त्या मुलीला मात्र न तपासताच गप्प केले. आपल्याला ऐकू येत नाही म्हणून आवाजच नाही, असे समजणे चूक, एवढा धडा आम्ही तिच्याकडून शिकलो.

जय भीम!