फार्नबरोचा विमान-अपघात : सामान्य विज्ञानाचा एक पाठ
(इयत्ता सातवीसाठी)

हेतू. वस्तूच्या बळकटीस तिचा आकारही कारणीभूत असतो, हे प्रयोगाने दाखविणे. तसेच अपघाताची कारणे शोधून पुढील मनुष्यहानी टाळता येते, ही दृष्टी विद्यार्थ्यांस देणे.

साहित्य. जाड कागदाचे दोन सारखे तुकडे, खळ, दोरा.

प्रस्तावना. वीज आधी दिसते व गडगडाट मागाहून ऐकू येतो, हा अनुभव मुलांना असतोच. त्यावरून ध्वनीस वेग असतो हे त्यांच्याकडून काढून घ्यावे. जमिनीलगत हा वेग सेकंदास सुमारे 340 मीटर असतो. विमान याहून वेगाने जाऊ लागले म्हणजे तोफेसारखा धडाका ऐकू येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर असा वेग गाठण्याची अनेक राष्ट्रांत चढाओढ लागली होती, एवढे सांगून विषयास हात घालावा.

विषयप्रतिपादन. इंग्लंडमध्ये फार्नबरो येथे विमानांचे मोठे प्रदर्शन भरत असे. दिनांक 6 सप्टेंबर 1952 रोजी तेथे प्रेक्षकांची अलोट गर्दी लोटली होती. डी हॅविलँड कंपनीने बनविलेले 'डीएच 110' हे दोन एंजिनांचे नवे लढाऊ जेट विमान त्या दिवशी उडावयाचे होते. वैमानिक जॉन डेरी हे 30 वर्षांचे होते. ध्वनीहून अधिक वेगाने विमान नेणारे पहिले ब्रिटिश वैमानिक म्हणून त्यांचा लौकिक होता. निरीक्षक अँथनी रिचर्ड्स हे अवघे 25 वर्षांचे होते.

विमान उंचावरून सूर मारीत आले व ध्वनिवेग ओलांडल्याचे धडाके लोकांनी ऐकले. नंतर ते खाली येऊन वेगाने वळले आणि प्रेक्षकांच्या दिशेने येता येता वर चढू लागले. त्याच क्षणी ते हवेतच मोडले. त्याची एंजिने सुटून पुढे फेकली गेली व त्यांतील एक टेकडीवरील गर्दीत कोसळले. दोघे उड्डाणकर्ते व 29 प्रेक्षक मरण पावले. अनेक जखमी झाले. येथे शिक्षकांनी वर्णन वाढवू नये. मुलांच्या मनात भय न बसता करुणा जागावी, इतपतच सांगावे व क्षणभर थांबावे.

प्रयोग. कागदाच्या दोन नळ्या कराव्यात. एकीची शिवण खळीने पक्की चिकटवावी. दुसरीची उघडी ठेवून नळी दोऱ्याने सैलसर बांधावी. दोन्ही टोके धरून नळ्या पिळावयास सांगावे. उघड्या शिवणीची नळी सहज पिळली जाते, बंद नळी दाद देत नाही. कागद तोच, वजनही तेच. भेद केवळ आकाराचा. आता बंद नळी प्रथम किंचित वाकवावी व तशीच धरून पिळावी. जो पीळ तिने एरव्ही सोसला असता, त्यानेच तिला चुणी पडते आणि चुणी पडताच तिचा जोर संपतो.

विमानाच्या पंखाची पुढील कड अशीच पातळ पत्र्याची बंद पेटी असते. विमान वेगाने वर चढते तेव्हा पंख वाकतो. त्याच वेळी ते कुशीवर फिरत असेल तर पंखास पीळही बसतो. त्या विमानावर हे दोन्ही भार एकदम आले. पत्र्यास चुणी पडून पंखाचा बाहेरील भाग तुटला आणि पाहता पाहता सारे विमान विस्कटले. तपास करणाऱ्यांनी अवशेष गोळा केलेच, शिवाय प्रेक्षकांनी टिपलेली छायाचित्रे व चित्रफिती मागवून ती बारकाईने तपासली.

परिणाम. विमानाची रचना सुधारून बळकट करण्यात आली. त्यातूनच झालेले 'सी व्हिक्सन' हे विमान 1959 पासून ब्रिटिश आरमाराने वापरले. प्रदर्शनांचे नियमही बदलले. जेट विमानाने सरळ जाताना प्रेक्षकांपासून किमान 230 मीटर व कसरती करताना किमान 450 मीटर दूर राहावे, आणि 150 मीटरांहून खाली येऊ नये, असे ठरले. तथापि नियम एकदा केला म्हणजे काम संपले, असे नव्हे. दिनांक 22 ऑगस्ट 2015 रोजी इंग्लंडमध्येच शोरहॅम येथे हॉकर हंटर जातीचे जुने जेट विमान कसरत करताना बाहेरील रस्त्यावर कोसळले व 11 जण मरण पावले. आवाराच्या आत प्रेक्षक सुरक्षित होते. रस्त्यावरील वाटसरूंचा विचार अपुरा पडला होता.

उपयोजन. जत्रेतील दारूकाम, चालू मळणीयंत्र, भरधाव बैलगाडा, यांपासून किती अंतरावर व कोणत्या बाजूस उभे राहावे, हे मुलांनीच सांगावे. वस्तू सुटली तर ती कोणत्या दिशेस जाईल, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा.

प्रश्न.
1. बंद नळी उघड्या नळीपेक्षा पिळण्यास कठीण का जाते?
2. विमान मोडले तेव्हा पंखावर कोणते दोन भार एकत्र आले होते?
3. एंजिने खाली न पडता गर्दीपर्यंत का पोहोचली?
4. अपघातानंतर केवळ दोषी शोधण्यापेक्षा कारण शोधणे अधिक उपयोगी का?

शेवटच्या प्रश्नास एकच उत्तर अपेक्षित नाही. मुलांना मोकळेपणी बोलू द्यावे. शाळेत पाटी फुटली किंवा कोणी पडला म्हणजे 'कोणी केले?' या प्रश्नाआधी 'कसे झाले?' हा प्रश्न विचारण्याची सवय वर्गास लागली, तर पाठाचा हेतू सफल झाला असे समजावे.