मॅकफॅडिनच्या किनाऱ्यावरची दगडी टोकं

टेक्सासच्या मॅकफॅडिन बीचवर मुळात दगडच नाहीत. सेबाइन पासपासून हाय आयलंडकडे जाणारा हा तीसेक किलोमीटरचा पट्टा म्हणजे थोडी वाळू, शिंपल्यांचा चुरा, आणि खाली निळसर करडी चिकणमाती. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हे चमत्कारिकच वाटतं. पण त्यामुळे एक सोय होते. इथे पायाला दगड लागला, की तो बाहेरून आलाय हे लगेच कळतं. आणला कोणी, एवढाच प्रश्न उरतो.

माझी नोकरी पोर्ट आर्थरच्या रिफायनऱ्यांच्या आसपास गेली. सुट्टीच्या दिवशी या किनाऱ्यावर पायी फिरायची सवय लागली ती आजतागायत आहे. ह्यूस्टनकडची आपली मंडळी आता इथे येतात, वादळानंतर काहीतरी सापडल्याचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरतात, आणि मग मला फोन येतो: ‘काका, हे खरं आहे का?’ त्या सगळ्यांना एकदाच सांगावं म्हणून हे लिहितोय.

दगड आणणारा पहिला उमेदवार म्हणजे सरकारी रस्ता. किनाऱ्याला लागून जाणारा हायवे 87 समुद्राने इतका खाल्ला की 1989 पासून तो या भागात बंदच आहे. त्याचं डांबर, भराव, खडी सगळी वाळूत पसरली. त्या खडीत चर्ट असतो, म्हणजे आपल्या गारगोटीचाच भाऊबंद. क्रशरमध्ये आणि ट्रकच्या चाकाखाली त्याचे धारदार, तिकोनी तुकडे पडतात. मला येणारे निम्मेअधिक फोटो या खडीचे असतात.

दुसरा उमेदवार मात्र अस्सल आहे. वीस हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती आणि किनारा बराच पुढे, आजच्या आखातात होता. मध्ये मोकळी जमीन, नद्यांची खोरी, मॅमथ, मॅस्टोडॉन, घोडे, उंट. सुमारे 13,000 वर्षांपूर्वी तिथे भाल्यांची क्लोव्हिस पद्धतीची दगडी टोकं घडवणारी माणसं वावरत होती. पुढे पाणी चढलं, जमीन बुडाली, आणि आता लाटा ती उकरून थोडी थोडी किनाऱ्यावर फेकतात. टेक्सासमध्ये नोंदल्या गेलेल्या क्लोव्हिस टोकांपैकी मोठा वाटा या एका किनाऱ्याचा आहे. काही टोकांचा चर्ट तर शेकडो किलोमीटर आत, मध्य टेक्सासातल्या एडवर्ड्स पठारावरचा.

ओळखायची सुरुवात नावापासून करू नका. आधी दगड माणसाने घडवलाय का ते बघा. चर्ट ठोक्याने फुटतो तेव्हा जाड बाटलीच्या काचेसारखा फुटतो: ठोका बसला तिथे फुगवटा, तिथून पसरत गेलेल्या वक्र लहरी. खडीच्या तुकड्यावर असे व्रण एखाददुसरे असतात आणि कुठेही असतात. घडवलेल्या टोकाच्या दोन्ही अंगांवर ते कडेपासून आत जातात, एकावर एक चढतात आणि कडा सरळ करत नेतात. तुकडा डोळ्यासमोर आडवा धरून नुसती कड बघा. ती दोन्ही बाजूंच्या मधोमध, बारीक नागमोडी गेली असेल तर पुढे विचार करायचा. नाहीतर ठेवून द्या खाली.

मग बूड बघा. टोकाची जात आणि वय बहुतेक वेळा बुडावरून ठरतं, अणकुचीवर नव्हे. अणी मोडते, परत धार लावली की पातं आखूड होतं, कितीतरी टोकं पुढे सुरी म्हणून वापरलेली असतात. काठीत बसवलेलं बूड मात्र फारसं बदलत नाही. क्लोव्हिसच्या बुडापासून वर दोन्ही अंगांवर एक उथळ पन्हळ काढलेली असते. धनुष्यबाण टेक्सासात आला इसवी सन 700 च्या सुमारास. त्याआधीची हजारो वर्षं फेकदांड्याने भाला फेकत, त्याला इथे ॲटलॅटल म्हणतात. बाणाची काडी बारीक, म्हणून बाणाच्या टोकाची मान अरुंद आणि वजन अगदी कमी. तुमच्या अंगठ्याएवढं रुंद, जड टोक असेल तर ते बहुधा भाल्याचं, म्हणजे पुष्कळ जुनं असण्याची शक्यता. लोकांना मात्र मोठं दिसलं की क्लोव्हिसच वाटतं. मधल्या दहा-बारा हजार वर्षांत कितीतरी पिढ्यांनी मोठी टोकं घडवली, त्यांनी काय करावं?

पुस्तकांत एक कसोटी हमखास दिलेली असते: क्लोव्हिसच्या बुडाच्या कडा मुद्दाम घासून बोथट केलेल्या असतात, नख फिरवून बघा. कोरड्या जमिनीवर ही कसोटी उत्तम. इथे ती माणसाला हमखास फसवते, कारण समुद्र सगळंच घासतो. म्हणून बुडाची कड आणि पात्याची कड, दोन्हींवर नख फिरवायचं. दोन्ही सारख्याच गुळगुळीत लागल्या तर ते काम लाटांचं. पातं अजून खरखरीत आणि बूडच तेवढं मऊ, तर माणसाचं. रंगावर तर मुळीच जाऊ नका. चिखलातलं लोह दगडाला तपकिरी-काळं करून सोडतं, आणि कालपरवा कुणी हौसेने घडवलेलं टोकही या चिखलात पडलं की म्हातारं दिसायला लागतं. अशी हौशी मंडळी अमेरिकेत भरपूर आहेत आणि त्यातले काही फार चांगले कारागीर आहेत.

आता मला ज्याची खरी हळहळ वाटते ते. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी वर्षानुवर्षं टोकं वेचली आणि काचेच्या बरणीत भरली. राज्याच्या पुरातत्त्व स्वयंसेवकांपैकी एका बाईंनी, इथे त्यांना स्टीवर्ड म्हणतात, ती बरणी टेबलावर ओतून घेतली. सुंदर माल होता. प्रत्येक टोक उचलून त्या विचारत, हे कुठलं? ‘बीचवरचं.’ बीचवर कुठे? कोणत्या वादळानंतर? वरच्या वाळूत, की खालच्या मातीतून नुकतं निघालेलं? गृहस्थ गप्प. त्यात एका टोकाच्या बुडाला काळं काहीतरी चिकटलेलं होतं, ते त्यांनी लेकराच्या पायाचं डांबर काढतो तसं तेल लावून पुसून टाकलेलं. आखातात तेलाचे गोळे वाहून येतातच, त्यांना दोष कसा द्यायचा? पण या किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी नैसर्गिक डांबर वापरत. त्याने भांडी लिंपत, टोक काठीत बसवत. ते काळं कोणतं होतं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. बाई एवढंच म्हणाल्या की पुढच्या वेळी धुवू नका. तारेचा ब्रश नको, व्हिनेगर नको, वॉर्निश तर नकोच.

जागेचं इतकं काय, असं वाटत असेल तर शेजारच्या न्यू मेक्सिकोतलं फॉल्सम बघा. 1908 च्या पुरानंतर जॉर्ज मॅकजंकिन नावाच्या कृष्णवर्णीय काउबॉयला ओढ्याच्या काठात अवाढव्य हाडं दिसली. तो 1922 मध्ये वारला. खणायला माणसं आली ती 1926 मध्ये. त्या वर्षी नामशेष रानगव्यांच्या हाडांसोबत टोकं मिळाली, पण ती सुटून बाहेर आलेली, त्यामुळे जाणकार मानेनात. पुढच्या वर्षी, 1927 मध्ये, बरगड्यांमध्ये एक टोक दिसताच डेन्व्हरच्या संग्रहालयाच्या लोकांनी त्याला हात लावला नाही. तारा केल्या, बाहेरच्या तज्ज्ञांना बोलावून ते जागच्या जागी दाखवलं. अमेरिकेत माणूस हिमयुगाच्या अखेरीस होता, हे त्या न उचललेल्या टोकामुळे मान्य झालं.

मॅकफॅडिनवर बरगडीत रुतलेलं टोक मिळणार नाही. इथे मॅमथची दाढ आणि टोक शेजारी पडलेलं दिसलं तरी त्यावरून शिकारीची गोष्ट रचू नका, लाटांनी दोन वेगळे काळ एकत्र आणून टाकलेले असतात. अलीकडे तर किनारा वाचवायला समुद्रतळाची वाळू पंपाने आणून टाकलीय, म्हणजे गोंधळात आणखी भर. पण म्हणूनच कोणत्या टप्प्यात, कधी, कशाखाली काय निघालं याच्या नोंदी जमल्या, तर बुडालेल्या खोऱ्यांचा माग लागू शकतो.

शिवाय उचलायची परवानगीच नाही. मॅकफॅडिन हे केंद्राचं वन्यजीव आश्रयस्थान, तिथून पुराणवस्तू शोधणं-नेणं परवान्याशिवाय बंद. राज्याच्या मालकीचा किनारा आणि पाण्याखालची जमीन टेक्सासच्या 1969 च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. 1979 च्या केंद्रीय कायद्यात जमिनीवर पडलेल्या बाणाग्रांना दंडातून सूट आहे, आणि त्यावर सही करणारे जिमी कार्टर स्वतः बाणाग्रं वेचायचे, हे इथल्या प्रत्येक जुन्या संग्राहकाला तोंडपाठ असतं. ती सूट त्या एका कायद्यापुरती आहे. आश्रयस्थानाचे नियम वेगळे, आणि बंदूक लावून उभा असलेला रेंजर तुमच्याशी कलमांवर वाद घालत बसत नाही. हाडं माणसाची वाटली तर काहीही न हलवता शेरीफला फोन.

तेव्हा टोक दिसलं तर खाली बसा. फोनचं लोकेशन चालू आहे ना, बघा. आहे तसा एक फोटो आजूबाजूच्या जागेसकट. मग शेजारी क्वार्टरचं नाणं ठेवून जवळून. तिरपा उजेड पडेल असं बघा, म्हणजे व्रण उठून दिसतात, भर दुपारी सगळं सपाट येतं. बूड आणि कड यांचे वेगळे फोटो हवेतच. ते टेक्सास हिस्टॉरिकल कमिशनकडे पाठवा, ते तुमच्या भागातल्या स्टीवर्डशी गाठ घालून देतात. व्हॉट्सॲपवर टाकायचेच असतील तर टाका, पण नेमकी जागा सांगू नका, दुसऱ्या दिवशी तिथे फावडी येतात.

जायचं तर हिवाळ्यात जा. उत्तरेचा गार वारा सुटला की तो पाणी आखातात मागे रेटतो, एरवी बुडालेली माती उघडी पडते आणि डासही नसतात. उन्हाळ्यात या दलदलीतले डास फोटो काढू देत नाहीत. सेबाइन पासनंतर वस्ती नाही, तेव्हा पेट्रोल आणि पाणी आधीच भरा, आणि गाडी ओल्या वाळूत अजिबात घालू नका. ओढून काढायला येणारा ट्रक ब्यूमाँटहून येतो आणि भाव तोच सांगतो.