लोहकणांच्या साहाय्याने रोगनिदान

मानवी शरीरात सुमारे ६० टक्के पाणी असते. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असून त्या प्रत्येकाचे केंद्रक म्हणजे एक प्रोटॉन होय. परिवलनामुळे हा प्रोटॉन लहानशा चुंबकासारखा वागतो. १९४६ मध्ये फेलिक्स ब्लॉख व एडवर्ड पर्सेल यांनी स्वतंत्रपणे केलेल्या प्रयोगांनी या गुणधर्माच्या अभ्यासाचा मार्ग खुला केला. एमआरआय तपासणी याच पायावर उभी आहे.

शिथिलन म्हणजे काय?

१.५ टेस्ला चुंबकीय क्षेत्रात प्रोटॉनाचा अक्ष भोवऱ्याप्रमाणे सेकंदाला सुमारे ६.४ कोटी वेळा फिरतो. त्याच वारंवारतेच्या रेडिओलहरी सोडल्या असता प्रोटॉन एका तालात फिरून संकेत देतात. लहरी थांबल्या की, लेझीम पथकाचा ताल सुटावा त्याप्रमाणे, हा मेळ मोडतो व संकेत मावळतो. या क्रियेस शिथिलन म्हणतात. कर्करोगाच्या गाठीत शिथिलनास अधिक वेळ लागतो, असे १९७१ मध्ये रेमंड डमेडियन यांनी उंदरांच्या ऊतकांवरून दाखविले. तथापि लहान गाठींच्या बाबतीत हा फरक पुष्कळदा डोळ्यांत भरत नाही.

लोहकणांचे कार्य

ही उणीव भरून काढण्यासाठी लोह ऑक्साइडचे, मीटरच्या अब्जांशात मोजावे लागणारे कण शिरेवाटे देण्यात येतात. प्रत्येक कणामुळे भोवतालचे क्षेत्र असमान होते, प्रोटॉनांचा ताल लवकर सुटतो आणि तो भाग प्रतिमेत काळा दिसतो. यकृतातील कुप्फर पेशी हे कण गिळतात. गाठीत या पेशी सहसा नसतात. परिणामी निरोगी यकृत काळवंडते व गाठ उजळ राहते. येथे दिसतो तो कण नव्हे, तर शेजारच्या पाण्यावरील त्याचा प्रभाव होय.

मर्यादा आणि दक्षता

यकृतासाठीच्या अशा एका द्रावणास अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. पुढे त्याचे उत्पादन थांबले. २००९ मध्ये फेरुमॉक्सिटॉल हे लोहकणांचे औषध मूत्रपिंडविकारातील रक्तक्षयासाठी मान्य झाले. प्रतिमांकनातही त्याचा उपयोग करण्यात येतो. प्रचलित गॅडोलिनियम द्रव्यांपैकी काहींपासून तीव्र मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांना अपाय संभवतो. अशांना लोहकण हा पर्याय ठरू शकतो. मात्र फेरुमॉक्सिटॉलमुळे क्वचित प्राणघातक ॲलर्जी उद्भवते, म्हणून २०१५ मध्ये त्यावर कडक इशारा देण्यात आला. यास्तव तपासणीपूर्वी रुग्णाने मूत्रपिंडाचा विकार व औषधांची ॲलर्जी यांची माहिती डॉक्टरांना देणे अगत्याचे आहे.