संकटाचे मोजमाप

युरोपच्या वायव्य किनाऱ्यावर नेदरलँड्स हा चिमुकला देश आहे. त्याची सुमारे एक चतुर्थांश भूमी समुद्रसपाटीहून सखल आहे. वाळूच्या टेकड्या आणि भक्कम बांध यांच्या आश्रयाने तेथील लोक राहतात.

१९५३ सालच्या ३१ जानेवारीच्या रात्री उधाणलेल्या समुद्राने अनेक बांध फोडले. १८३६ माणसे प्राणांस मुकली. तेव्हा सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली. तिच्यापुढे मुख्य प्रश्न होता : बांध किती उंच असावेत? फार उंच बांधले तर अपार धन खर्ची पडते. ठेंगणे ठेवले तर प्राण जातात. डेव्हिड व्हान डान्झिग या गणितज्ञाने हे कोडे हाती घेतले. पाणी किती चढण्याचा संभव आहे आणि ते आत शिरल्यास किती हानी होईल, या दोहोंचा त्याने एकत्र हिशेब मांडला. जेथे वस्ती दाट, तेथे बांध अधिक बळकट, हे तत्त्व मान्य झाले.

परंतु हा हिशेब एकदा करून भागत नाही. पृथ्वीचे तापमान वाढत असल्यामुळे समुद्राची पातळी चढत आहे. ऱ्हाईन नदीला हिवाळ्यात अधिक पूर येतील आणि उन्हाळ्यात तिचे पाणी आटेल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. समुद्र नेमका किती चढेल, हे मात्र कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून तेथील हवामानसंस्था एकच भाकीत न करता अनेक संभाव्य चित्रे रेखाटते. त्यांतील प्रत्येकासाठी देशाची सिद्धता कितपत आहे, हे पाहिले जाते आणि दर सहा वर्षांनी योजना पुन्हा तपासली जाते.

उपायही बदलले. नायमेगेन शहराजवळ वाल नदीचा बांध उंच करण्याऐवजी ३५० मीटर मागे हटवून नदीला वाट मोकळी करून दिली. त्यासाठी सुमारे पन्नास घरे पाडावी लागली. पिढीजात घर सोडणे कोणालाही सोपे नसते. काहींच्या त्यागावर सर्वांची सुरक्षितता उभी राहते. म्हणूनच असा निर्णय काटेकोर हिशेबाखेरीज घेणे अन्यायाचे ठरते.

तहान लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही, हे आपण जाणतोच. विहीर कोठे आणि किती खोल खणावी, याचा विचारही तहानेपूर्वीच करावा लागतो.